नदीवरचं ‘हाव’

पुण्याच्या एका बाईंनी मला एका प्रशिक्षणात विचारलं होतं, ‘तुमच्याकडे होकाराला हाव म्हणतात ना? ते जरा लोभीपणाचं नाही का वाटत?’ मी म्हटलं, ‘हाव.’ बाई माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. मी होकार दिला, की त्यांना लोभी म्हटलं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. माझं तोंड असं आहे. नांदेडच्या शाळेत पोरं मला घाबरतात, घरात नवरा घाबरतो, आणि मी फक्त एका माणसाला घाबरते, ती म्हणजे माझी आई.

आई राहते गोदावरीच्या अलीकडं, मावशी पलीकडं. विष्णुपुरीच्या धरणानं पाणी अडवलंय, त्यामुळं आमच्या गावापाशी नदी अशी राहतच नाही, पसरट तळं होतं. पावसाळा संपला की पाणी पार गावखरीच्या बोरीबाभळींपर्यंत चढलेलं. दोघी बहिणी विधवा, दोघींची पोरं नोकऱ्यांवर, आणि दोघींना एकमेकींशिवाय घास जात नाही. मावशीच्या गुडघ्यांनी कधीचा संप पुकारलाय. तिच्या बाजूची दरड सरळसोट, काळ्या मातीची. ती उतरून पाण्यापर्यंत येणं तिनं सोडूनच दिलं होतं. तेव्हा दर रविवारी आईच भाकरी बांधून होडीत बसायची, दिवसभर तिकडं राहायची आणि उन्हं कलली की परत.

रस्त्यानं जाता येतं. पण आधी टमटम, मग नांदेडचा स्टँड, मग पूल, मग दुसरी बस, आणि त्यातून उतरल्यावर पुन्हा पायपीट. आईला बसमध्ये मळमळतं ते वेगळंच. मी एकदा म्हटलं, ‘मी गाडी करून देते.’ तर म्हणाली, ‘समोर चूल पेटल्याली दिसती बहिणीची, अन् मी नांदेडला वळसा कामून घालू? येड लागलंय का मला?’

होडी आमच्या नावाडीमामांची. पत्र्याची, चपट्या बुडाची, दोन वल्ह्यांची. मामा कुणाचे सख्खे मामा नाहीत, सगळ्या गावाचे आहेत. आणि या पाण्यावर इंजिनची बोट एकच, मासळीच्या ठेकेदाराची. ती सकाळी थर्माकोलच्या तराफ्यांवरून मासे गोळा करत फिरते. बोट चालवणारा तिशीचा माणूस, उजनी धरणाकडचा. तिकडं होकाराला ‘व्हय’ म्हणतात. हे लक्षात ठेवा, कारण सगळं रामायण त्याच्यावरच झालंय.

आमच्या पाण्यावर एक रीत आहे. इंजिनची बोट वल्ह्याच्या होडीजवळून जाणार असली, की लांबूनच इंजिन कमी करायचं. जवळ येऊन कमी केलं तर उलट लाट जास्त उठते, मागचं सगळं पाणी एकदम अंगावर येतं. मग बोटीनं होडीच्या मागून जायचं, पुढून नाही. नावाडी तेवढ्यात होडीचं नाक लाटेकडं वळवून घेतो, कारण लाट कुशीवर आली की चपट्या बुडाची होडी पाळण्यासारखी हलते. या सगळ्याला आमच्याकडं ‘पाणी देणं’ म्हणतात. ‘त्यानं पाणी दिलं’ म्हणजे तो नीट वागला. ‘त्यानं पाणी मारलं’ म्हणजे भांडण. तराफ्यावरच्या जाळेवाल्यांनाही असंच पाणी द्यावं लागतं, नाहीतर जाळं गुंडाळून जातं आणि शिव्या पार विष्णुपुरीपर्यंत ऐकू जातात. आणि शेवटची गोष्ट अशी, की होडीतून ‘हाव’ अशी आरोळी आल्याशिवाय बोटीनं इंजिन वाढवायचं नाही. हाव म्हणजे आम्ही सावरलो, तू जा आता.

त्या हिवाळ्यातल्या एका रविवारी आई निघाली. डब्यात तुरीच्या सोल्यांची आमटी, फडक्यात भाकरी, कमरेच्या पिशवीत मोबाइल. होडी मधोमध पोचली आणि ठेकेदाराची बोट आली. बोटीवाल्यानं लांबूनच इंजिन कमी केलं, मागून वळला, सगळं रीतसर. मामा होडी वळवायला एक वल्हं उचलून बघत होते. आणि तेवढ्यात त्या बोटीनं एकदम इंजिन वाढवलं. लाट सरळ कुशीवर आली. आई फळीवरून घसरली ती होडीच्या बुडात, कोपर सोललं, आमटीचा डबा लुगड्यावर सांडला आणि भाकरी गोदामायला गेल्या. होडीत घोट्याएवढं पाणी. मामांनी होडी सावरली आणि तशीच अलीकडं परत आणली.

मी तिथं नव्हते. मला आईचा फोन आला. आवाज कापत होता, पण भीतीनं कमी आणि रागानं जास्त. म्हणाली, ‘मुद्दाम पाणी मारलं मेल्यानं. नावंत कोण बसलंय बघून मारलं.’

हे ऐकल्यावर माझं टाळकंच सटकलं. आम्ही बौद्धवाड्यातली माणसं. माझ्या आईनं लहानपणी उन्हातान्हात दुसऱ्याच्या शेतात खुरपलेलं आहे, आणि तहान लागली की ओंजळ धरून उभं राहिलेली आहे. वरून कुणीतरी धार धरायचं, अर्धी ओंजळीत, अर्धी कोपरावरून खाली. ती हे कधी रडत सांगत नाही. पण ‘बघून मारलं’ म्हणते तेव्हा ते कुठून येतं हे मला कळतं. मी म्हटलं, ‘त्याला बघतेच मी.’

पण त्या आठवड्यात शाळेत परीक्षा आणि पुढच्यात माझ्या सासूबाईंचा मोतीबिंदू. माझं जाणं लांबत गेलं आणि इकडं आईनं होडीचं नावच टाकलं. ‘मेले तरी बसायची न्हाई.’ दोघी बहिणी दिवसभर फोनवर. मावशी तिच्या अंगणात खाट टाकून बसायची, आई आमच्या काठावरच्या दगडावर, आणि दोघी एकमेकींना ठिपक्याएवढ्या बघत फोनवर बोलायच्या. ‘दिसून राहिले का?’ ‘हाव, दिसून राहिलीस.’ काय दिसणार, कपाळ! मी फोन केला तर सतत बिझी.

मी गेले तेव्हा आई सुकली होती. मी विचारलं, जेवलीस का, तर म्हणाली, जेवले, आणि भाकरीची टोपली झाकलेली तशीच. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘ती तिकडं गेली, का मी इकडं गेले, तर तोंड तरी दिसंल का गं एकमेकीचं?’

माझी आई असं बोलणारी बाई नाही. मी पायात चप्पल अडकवली आणि तडक मासे उतरवतात त्या काठावर गेले.

बोटीवाला बर्फाच्या पेटीत मासे रचत होता. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मराठी झाली, दखनी झाली, ‘खालीपिली गरिबाला कायकू सतावता’ इथपर्यंत झालं. तराफेवाले गोळा झाले. मामाही आले. त्या दिवसापासून मामा आणि बोटीवाला एकमेकांशी बोलत नव्हते. त्या माणसानं सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं आणि मी दम खायला थांबले तेव्हा म्हणाला,

‘ताई, म्या पाणी दिलं होतं की. थांबलो होतो. आजीच म्हणाल्या हाव.’

‘काय?’

‘व्हय. एकदा न्हाय, दोन-तीनदा. लई मोठ्यानं. हाव, हाव, हाव गं! ह्या मामांनीच मला पयल्या दिवशी शिकवलं, ह्या पाण्यावर हाव आलं की निघायचं. मी निघालो. मागं बघतो तर होडी आडवी! आन् त्या दिसापास्नं मामा तोंड फिरवून घेत्यात. मला कळंनाच, माझं चुकलं काय.’

मी मामांकडं बघितलं. मामांनी माझ्याकडं बघितलं. ‘हाव गं?’ मामा म्हणाले. ‘गं कुणाला म्हणली माय?’

आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. आईला फोनवर कमी ऐकू येतं, म्हणून ती समोरच्यालाही कमी ऐकू येतं असं धरून चालते आणि गाव गोळा होईल इतक्या मोठ्यानं बोलते. मामांच्या कानांना त्याची इतकी सवय, की त्यांनी ते ऐकलंच नव्हतं. मावशीनं फोन केलेला. निघालीस का? हाव. भाकरी घेतल्या का? हाव! सोल्याची आमटी केली का? हाव गं! आणि मावशीच्या आमटीच्या परवानगीवर ठेकेदाराची बोट सुटली होती.

मी बर्फाच्या पेटीवर बसले आणि हसू आवरेना. तराफेवाले हसले, मामा टोपी काढून डोकं खाजवत हसले. फक्त बोटीवाला हसला नाही. म्हणाला, ‘आजी पडल्या ना पण.’ तेवढ्या एका वाक्यावर माझा सगळा राग पाण्यात गेला.

आता हे आईला सांगायचं कुणी? मीच सांगितलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘म्हंजे मपलीच चूक म्हण की.’

‘तसं नाही गं आई.’

‘तसंच हाय. मी मपल्या बहिणीला हाव म्हणले. त्याच्या बोटीला न्हाई म्हणले. हाव कुणाला म्हणलं हे बघाय नको का माणसानं?’

खरं होतं तिचं. दोन्हीही खरं होतं, आणि त्याचाच तर सगळा घोळ.

दुसऱ्या दिवशी तो माणूस आमच्या दारात आला. हातात पिशवीत रोहू मासा, आणि चेहरा शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा. आई उठली. तिनं माठातलं पाणी तांब्यात भरलं, वर फुलपात्र ठेवलं आणि त्याच्यापुढं धरलं. मी आईकडं बघत होते. आई त्याच्या हाताकडं बघत होती. माझ्या लहानपणी आमच्या दारात कामाला आलेली माणसं पाण्याला काय काय कारणं सांगायची. आत्ताच प्यालो, उपास आहे, घाईत आहे. या माणसानं फुलपात्र बाजूला ठेवलं, तांब्याच तोंडाला लावला, गटागटा प्याला आणि म्हणाला, ‘आजी, आजून हाय का? लांबनं चालत आलोय.’

आईनं पुन्हा भरून दिला. मग म्हणाली, ‘बस. मासा कोण साफ करणार? मला काटे दिसत न्हाईत.’ तो ओट्यावर बसून मासा साफ करायला लागला. आई त्याला उजनीकडचं विचारत होती, बायको कुठं असते, पोरं किती, तिकडं इतकं पाणी आहे का. तो गेल्यावर आई पातेल्याकडं बघत म्हणाली, ‘माणूस वाईट न्हाई.’ आमच्या आईकडून एवढं म्हणजे पद्मश्रीच.

पण मन साफ झालं म्हणून पोटातली भीती थोडीच जाते? होडीचा विषय निघाला की आईचे हात लुगड्याचा काठ चाळायला लागायचे. मी शहरातून लाइफ जॅकेट आणलं. भडक नारिंगी. ते घालून बघितल्यावर म्हणाली, ‘कापूस भरल्यालं गाठोडं दिसून राहिले.’ पण काढून फेकलं नाही. मी ते शुभचिन्ह मानलं.

मग एके सकाळी मामा आणि बोटीवाला दोघं मिळून आले. आता बोलायला लागले होते. मामा म्हणाले, ‘माय, इथून पुढं हाव मीच म्हणणार. मी म्हणलं तरच ह्यानं जायचं. झालं?’

आईनं मान हलवली. ‘न्हाई. तू कामून म्हणणार?’

‘नाव मपली हाय.’

‘आन् भीती कुणाची हाय? तू बेडकावानी पाण्यातच वाढला. तुला कवा बी सावरल्यावानीच वाटतं. नावंत सगळ्यात भ्यालेलं जे माणूस, त्यानं हाव म्हणायचं. हात वर करून, ह्याच्याकडं तोंड करून. तवर ह्यानं थांबायचं.’

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. बोटीवाला म्हणाला, ‘व्हय आजी. थांबतो.’ मामा पुटपुटले, ‘मंग तर ह्याचे मासे नासलेच म्हणायचे.’ आई म्हणाली, ‘नासू दे.’ मी वर्गात वीस वर्षं शिस्त शिकवतेय, पण इतका साधा नियम मला एकदाही सुचलेला नाही.

पुढच्या रविवारी आई होडीत बसली. मी तिच्या शेजारी. नारिंगी जॅकेट, त्याच्यावरून पदर, मांडीवर डबा. तिनं माझं मनगट असं धरलं होतं की बांगडीचा वळ उठला. मामा सावकाश वल्हवत होते. सकाळचं धुकं विरलेलं, पाणी एकदम निवांत. मधोमध पोचलो. मग डावीकडून इंजिनचा आवाज आला आणि तिनं डोळे मिटले.

बोटीवाल्यानं इंजिन कमी केलं नाही, बंदच केलं. आणि इतक्या लांब केलं, की तराफ्यावरचे लोक मान वर करून बघायला लागले. ती जड बोट हळूहळू वाहत आमच्या मागून आली. मामांनी होडीचं नाक वळवून धरलं. पाणी आलं ते एवढंसं, होडी नुसती वर उचलली आणि खाली ठेवली. आईनं एक डोळा उघडला.

आणि तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला.

मावशी. दुसरं कोण! आईनं फोन कानाला लावला. मावशीचा आवाज मला शेजारी बसून ऐकू येत होता. ‘बसलीस का गं नावंत? बसलीस का?’ आईनं तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं. तिनं बोटीकडं बघितलं. बोटीवाला सुकाणू धरून तिच्याकडंच बघत होता. आईनं हातानं स्वतःचं तोंड दाबून धरलं. ‘बसलीस का?’ मावशी तिकडून ओरडत होती, ‘बोल की! काय झालं? बोलंनास का?’ मी कुजबुजले, ‘आई, बसले म्हण, बसले!’ पण घाबरलेल्या माणसाला दुसरा शब्द सुचतो होय? आईनं फोन बंद केला आणि पिशवीत कोंबला.

मग तिनं पदर सारखा केला. डबा सारखा केला. पाण्याकडं नीट बघितलं, पुढं, मागं, पुन्हा पुढं. मामा वैतागून आकाशाकडं बघत होते. बोटीत मासे उड्या मारत होते. कुणी घाई केली नाही. मला आयुष्यात पहिल्यांदा असं दिसलं की एक इंजिन, एक ठेकेदाराचा माल आणि सगळं पाणी माझ्या आईसाठी थांबलंय. माझे डोळे भरून आले, मी लपवलं नाही. मग आईनं हात वर केला, बोटीवाल्याकडं तोंड केलं आणि असं खणखणीत हाव दिलं की बाभळीवरचे बगळे उडाले.

बोट लांब जाईपर्यंत हळूच गेली. आईनं माझं मनगट सोडलं आणि म्हणाली, ‘तुझा हात कामून एवढा गार?’

पलीकडचा काठ जवळ आला तशी मामांनी वल्ही थांबवली. ‘अगं माय,’ ते म्हणाले, ‘ती कोण बसलीय?’

दरडीच्या तळाशी, अगदी पाण्याला पाय लावून, मावशी बसली होती. कितीतरी पावसाळे जी दरड तिनं उतरली नव्हती, ती दरड ती बसून, घसरत, सरकत उतरली होती. लुगडं मातीनं काळं, हाताला खरचटलेलं, केस सुटलेले, आणि डोळे आमच्या होडीवर. होडी टेकायच्या आतच आई पाण्यात उतरली, जॅकेटसकट. मी ओरडतेय, मामा ओरडतायत, ती कुणाचं ऐकतेय! तिनं बहिणीला दोन्ही खांद्यांना धरलं.

‘गुडघे गेलेत ना तुपले? मरायचं होतं का? कशाला उतरलीस येडे?’

मावशीनं तिच्या नारिंगी जॅकेटला हात लावून बघितला, चेहऱ्याला लावून बघितला, आणि रडत, चिडून म्हणाली,

‘तू हाव म्हणंनास. मंग मी काय करू?’